गॅरेजचं दार मोबाइलवर घ्यावं का? निर्णयाआधीच्या तपासण्या, जोडणी आणि सेटिंग

जाहिरातीत दिसतं ते दार उघडणं: दोन्ही हातांत पिशव्या, खिशात फोन आणि दार आपोआप वर. प्रत्यक्षात रोजच्या उघडझापीला गाडीतला रिमोटच जलद पडतो. फोन काढा, अनलॉक करा, अ‍ॅप उघडा, ते सर्व्हरशी जोडलं जाईपर्यंत थांबा आणि मग बटण दाबा. तेवढ्यात रिमोटवाला गाडी आत लावून मोकळा होतो.

फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. घरापासून वीस किलोमीटरवर गेल्यावर ‘दार लावलं होतं ना?’ हा किडा डोक्यात वळवळायला लागतो, त्याला फोन उत्तर देतो. म्हणून दाराची स्थिती कळणं आणि दार लांबून हलवता येणं या दोन गरजा आधीच वेगळ्या करा. स्थिती कळायला बॅटरीवरचा एक छोटा सेन्सर पुरतो. दार लांबून हलवायचं तर दार, मोटर, सुरक्षा-सेन्सर आणि वाय-फाय हे सगळंच धडधाकट लागतं. आमच्या मते बहुतेक घरांचं काम नुसत्या सेन्सरवर भागतं.

पंधरा दिवसांची नोंद

गॅरेजच्या आतल्या भिंतीवर एक कागद चिकटवा आणि दोन रकाने पाडा. दार लागलंय का हे बघायला कोणी परत फिरलं, किंवा दार रात्रभर उघडं राहिलं, की पहिल्या रकान्यात रेघ ओढा. आपण बाहेर असताना कोणासाठी तरी दार उघडायची वेळ आली, की दुसऱ्यात.

पंधरा दिवसांनी पहिल्यात रेघा आणि दुसरा कोरा असेल तर फक्त सेन्सर घ्या. दुसऱ्यात तीन-चार रेघा असतील तर पुढच्या तपासण्या करा. पण त्या रेघा शाळेतून लवकर आलेल्या मुलांच्या असतील तर बाहेरच्या चौकटीवर बसणारा आकड्यांचा कीपॅड जास्त सोयीचा. त्याला ना फोन लागतो ना इंटरनेट, आणि कोड विसरला तरी बदलता येतो. दोन्ही रकाने कोरे राहिले तर विषय तिथेच संपला.

दार हाताने उचलून बघा

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक टाळतात. आडव्या पट्ट्यांचं, वर जाऊन छताखाली आडवं होणारं दार साठ-सत्तर किलोपासून शंभराच्या पुढेही भरतं. ते वजन मोटर पेलत नाही, स्प्रिंग पेलते. मोटर फक्त तोल ढळवते. स्प्रिंग थकलेली असली तर मोटर कुंथत-कुंथत दार ओढते, गिअर झिजतात, आणि एक दिवस अर्ध्यावर अडकलेलं दार तुम्हाला दुसऱ्या गावातून फोनवर बघावं लागतं.

१. दार पूर्ण बंद करा. उघड्या दारावर ही तपासणी कधीच करू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं.

२. मोटरचा प्लग काढा.

३. ट्रॉलीला, म्हणजे मोटरच्या पट्टीवर सरकत दार ओढणाऱ्या भागाला, लोंबणारी लाल दोरी ओढा. दार मोटरपासून सुटतं.

४. दोन्ही हातांनी दार उचला. एका माणसाला दम न लागता ते उठलं पाहिजे. फारच जड लागलं तर जबरदस्ती न करता तिथेच थांबा.

५. कमरेइतक्या उंचीवर आणून हात सैल करा, पण दाराखाली पाय ठेवू नका. दार जागच्या जागी राहिलं, फार तर बोटभर सरकलं, तर तोल बरोबर आहे. खाली बसू लागलं तर स्प्रिंग सैल आहे. आपोआप वर पळालं तर ताण जास्त आहे.

६. दार पुन्हा पूर्ण खाली आणा, ट्रॉली जोडा, प्लग लावा.

दाराच्या वरच्या दांड्यावर गुंडाळलेली पिळाची स्प्रिंग नीट न्याहाळा. वेटोळ्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट दिसली तर ती तुटलेली आहे. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० उघडझापींचं धरतात. दिवसाला चार वेळा दार चाललं तर वर्षाला १,४६० होतात, म्हणजे सात वर्षांच्या आसपास स्प्रिंग संपते. ती बदलण्याचं आणि दाराच्या तळाशी तारदोर धरणाऱ्या कंसाला हात लावण्याचं काम स्वतः करू नका. त्या ताणाने हाड मोडतं.

तोल बिघडलेला असेल तर स्मार्ट उपकरणाचा विचार बाजूला ठेवून आधी दार दुरुस्त करून घ्या. रूळ पुसून घ्या, पण रुळाला वंगण लावू नका, धूळ चिकटते. वंगण चाकांच्या बेअरिंगला, बिजागऱ्यांना आणि स्प्रिंगला लागतं.

शटर गुंडाळणारं असेल तर हिशेब थोडा वेगळा. त्यात नळीच्या आकाराची मोटर असली की ‘वर’ आणि ‘खाली’ अशा दोन वेगळ्या तारा असतात आणि त्यांवर घरगुती विजेचा पूर्ण दाब येतो. दोन्ही तारांना एकाच वेळी वीज मिळाली तर मोटर जळते. त्यामुळे दोन साधे स्मार्ट स्विच लावून चालत नाही. एक चालू असताना दुसरा बंदच राहील अशी आतली अडवणूक असलेला, ‘शटर’ किंवा ‘कर्टन’ म्हणून विकला जाणारा मॉड्यूल लागतो, आणि तो वीजतंत्रीकडूनच बसवून घ्यावा. या मोटरी बहुधा सलग चारेक मिनिटं चालण्याएवढ्याच बनवलेल्या असतात. अ‍ॅपवर चार-पाच वेळा वरखाली करून मजा बघितली की आतला उष्णतेचा कटआउट पडतो, आणि लोकांना वाटतं मॉड्यूल बिघडला.

दाराला कोणी आडवं आलं तर?

समोर उभं राहून बटण दाबणारा माणूस हा स्वतःच एक सेन्सर असतो. फोनवरून दार बंद करताना तो तिथे नसतो. म्हणून दाराचे ‘डोळे’ आणि मोटरची मागे फिरण्याची क्षमता यांच्यावरच सगळी मदार. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती ओपनरना, म्हणजे दार हलवणाऱ्या मोटर-यंत्रांना, अशी संरक्षक व्यवस्था सक्तीची आहे. तिथल्या यूएल ३२५ या मानकानुसार, समोर कोणी नसताना बंद होणाऱ्या दाराने हलण्याआधी किमान पाच सेकंद आवाज आणि दिवा या दोन्हींनी इशारा द्यावा लागतो. तुमच्याकडे हे मानक लागू असो वा नसो, उपकरण निवडताना ही पट्टी वापरा. इशारा न देता दार बंद करणारं उपकरण घेऊ नका.

चौकटीच्या दोन बाजूंचे फोटो-सेन्सर जमिनीपासून १५ सेंटीमीटरपेक्षा वर नसावेत. जास्त उंचावर बसवले तर रांगणारं मूल त्यांच्या खालून निघून जातं. परीक्षा दोन. दार खाली येत असताना झाडूची काठी त्या दोन डोळ्यांमधून फिरवा, दार थांबून परत वर गेलं पाहिजे. मग सुमारे चार सेंटीमीटर जाडीची लाकडी फळी उंबऱ्यावर मधोमध आडवी ठेवून दार बंद करा. फळीला टेकताच दोन सेकंदांत ते उलटं फिरायला हवं. दाराने फळी दाबून धरली तर मोटरवरचा बल-नियंत्रणाचा स्क्रू किंवा बटण सैल करून पुन्हा बघा. तरीही जमलं नाही तर ओपनर बदलायची वेळ आली आहे.

डोळेच नसलेल्या जुन्या मोटरला फोनवरून ‘बंद’ची आज्ञा देणं आम्हाला मान्य नाही. अशा दाराला फक्त स्थिती सांगणारा सेन्सर लावा.

मोटर कुठली भाषा समजते

भिंतीवरच्या बटणापासून मोटरपर्यंत दोन बारीक तारा येतात. जुन्या आणि साध्या ओपनरमध्ये ते बटण दारावरच्या घंटीसारखं असतं: दोन तारा क्षणभर जुळल्या की दार हलतं. तसं असेल तर कुठलाही कोरड्या संपर्काचा रिले, म्हणजे स्वतः वीज न पुरवता फक्त दोन तारा जोडणारा रिले, तेच काम करू शकतो.

तपासायला वीतभर तार पुरते. दाराखाली कोणी नाही हे बघा. भिंतीवरच्या बटणाच्या तारा मोटरच्या ज्या दोन टर्मिनलना लागल्यात, त्यांना ती तार अर्धा सेकंद टेकवा. तिथला दाब कमी असतो, तरी शेजारच्या मुख्य विजेच्या जोडणीपासून हात लांब ठेवा. दार हललं तर रिले चालेल.

नुसता दिवा लागला किंवा काहीच झालं नाही तर बटण आणि मोटर आपसांत अंकीय संदेशांतून बोलतात. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरच्या २०११ पासूनच्या, पिवळं ‘लर्न’ बटण असलेल्या ओपनरमध्ये सहसा हाच अनुभव येतो. अशा वेळी ती भाषा जाणणारा खास मॉड्यूल घ्या, किंवा जादा रिमोटचा उपयोग करा.

रिमोटची युक्ती अशी. रिमोट उघडून आतल्या सर्किटच्या पाटीवरचं छोटं चौकोनी बटण शोधा. त्याला चार पाय असतात आणि ते दोन-दोन करून आतून आधीच जोडलेले असतात. मल्टिमीटर सलगतेच्या खुणेवर ठेवून अशी जोडी शोधा, जी बटण दाबल्यावरच वाजते. त्या दोन पायांना बारीक तारा डाग द्या, आणि त्या रिलेच्या ‘कॉम’ (सामाईक) आणि ‘एनओ’ (एरवी सुटं, रिले चालला की जुळणारं) या टोकांना लावा. आता बोटाऐवजी रिले बटण दाबतो. ओपनर कुठल्याही कंपनीचा असो, ही युक्ती चालते. उणीव एकच, रिमोटची बॅटरी अधूनमधून बदलावी लागते, आणि ती नेमकी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

वाय-फाय मोजा, अंदाज नको

यातले बहुतेक मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. सिग्नलची ताकद दाखवणारं अ‍ॅप फोनवर घ्या आणि शिडीवर चढून, मोटर जिथे आहे त्या उंचीवर फोन धरा. मापन दार बंद आणि दार उघडं अशा दोन्ही स्थितींत करा. लोखंडी दार वर गेलं की छताखाली पत्र्याचा आडवा पडदा तयार होतो आणि सिग्नल एकदम घसरतो. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला आकडा (म्हणजे ६०, ५५) मिळाला तर निर्धास्त. उणे ७५ च्या पलीकडे गेलात तर आधी राउटर हलवा किंवा मधल्या खोलीत रिपीटर लावा. मॉड्यूल बसवून झाल्यावर हे कळलं तर शिडीवरचं अर्धं काम वाया जातं.

जोडणी

सामान: कोरड्या संपर्काचा वाय-फाय रिले, ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर (किमान १ अँपिअर), घंटीची दोन पदरी तार तीन-चार मीटर, गॅरेजसाठीचा रुंद फटीचा चुंबकीय सेन्सर, केबल टाय, स्क्रू.

रिले विकत घेताना त्याच्या आकृतीत ‘कॉम’ आणि ‘एनओ’ ही टोकं मुख्य विजेपासून वेगळी दाखवली आहेत याची खात्री करा. साध्या दिव्याच्या स्मार्ट स्विचमधून बाहेर पडतो तो मुख्य विजेचा दाब. तो भिंतीवरच्या बटणाच्या टर्मिनलला लागला की ओपनरची पाटी एका क्षणात जळते.

प्लग काढा. रिलेचे ‘कॉम’ आणि ‘एनओ’ त्याच दोन टर्मिनलना न्या जिथे भिंतीवरचं बटण जोडलेलं आहे. बटण काढू नका, दोन्ही समांतर राहू द्या. मॉड्यूल मोटरच्या पत्र्याच्या आवरणात कोंबायचा मोह टाळा, अँटेना तिथे आंधळी होते. छताच्या लाकडावर किंवा भिंतीवर स्क्रूने बसवा. दुहेरी टेप उन्हाळ्यात सुटतो. तारा साखळीपासून आणि ट्रॉलीच्या वाटेपासून दूर, दर तीस सेंटीमीटरला टाय मारून घ्या.

सेन्सरचे दोन प्रकार मिळतात. कलण्यावर चालणारा सेन्सर सगळ्यात वरच्या पट्टीवर लावायचा, कारण दार उघडताना आडवी व्हायला सुरुवात तीच करते. गुंडाळणाऱ्या शटरला तो निरुपयोगी. चुंबकीय सेन्सर दोन्हींना चालतो: चुंबक दारावर, तार असलेला भाग चौकटीवर किंवा जमिनीवर. पत्र्यावर चुंबकाची ताकद खर्च होते आणि पाकिटावर लिहिलेली फट प्रत्यक्षात निम्मी मिळू शकते. तेव्हा दार दोनदा चालवून, हाताने थोडं हलवून, मगच स्क्रू आवळा. एकच सेन्सर असेल तर तो बंद स्थितीवर लावा. दार अर्धं उघडं की पूर्ण, याने फारसा फरक पडत नाही, ‘पूर्ण बंद नाही’ एवढं कळणं महत्त्वाचं.

सेन्सरशिवाय रिले लावणं मात्र शुद्ध जुगार. एकाच बटणाच्या ओपनरमध्ये तीच कळ उघडते, थांबवते आणि बंद करते. दाराची स्थिती माहीत नसताना दाबलेलं ‘बंद’ म्हणजे कदाचित ‘उघड’.

अ‍ॅपमधल्या सेटिंग

सगळ्यात आधी रिलेची ‘वीज परत आल्यावरची स्थिती’ बघा. ती ‘बंद’च हवी. ‘पूर्वीची स्थिती’ किंवा ‘चालू’ ठेवली तर वीज जाऊन आल्यावर रिले स्वतःहून ठोका देऊ शकतो, म्हणजे क्षणभर बटण दाबल्यासारखं करू शकतो, आणि रात्री तीन वाजता दार उघडतं. ठोक्याचा वेळ अर्धा ते एक सेकंद ठेवा. मग मुख्य स्विच खाली-वर करून वीज तीनदा घालवून बघा. दार जराही हललं नाही तरच पुढे चला.

दार दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर सूचना, आणि रात्री ठरावीक वेळी दार उघडं असेल तर सूचना, एवढ्यावर सुरुवात करा. आपोआप बंद होणं दोन आठवडे सगळं नीट चाललं तरच चालू करा. आत इंजिन चालू ठेवून काम करण्याची कोणाला सवय असेल तर ते चालूच करू नका, कार्बन मोनॉक्साइड कोंडतो.

घराजवळ आलं की दार आपोआप उघडणारी सोय आम्ही बंद ठेवायला सांगू. फोनचं स्थान शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे उडी मारतं, आणि पुढच्या गल्लीतून नुसतं गेलात तरी घर सताड उघडं पडतं. ‘दार उघडू का?’ एवढं विचारणारी सूचना पुरे. आवाजी सहायकाला ‘उघड’साठी पिन लावा. उघड्या खिडकीतून बाहेरचा माणूसही ओरडू शकतो.

सर्व्हर कोणाचा, दार कोणाचं

अ‍ॅपमधली कळ बहुधा आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, तिथून तुमच्या दाराकडे. एप्रिल २०२२ मध्ये इनस्टिऑन या स्मार्ट-घर उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांच्या घरातली उपकरणं अ‍ॅपवर मुकी झाली. २०२३ च्या अखेरीस चेंबरलेनने मायक्यू या आपल्या अ‍ॅप-सेवेची बाहेरच्या अनधिकृत सॉफ्टवेअरसाठीची वाट बंद केली, आणि होम असिस्टंट या, घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती जोडणी काढून टाकावी लागली. एप्रिल २०२३ मध्येच नेक्सच्या गॅरेज नियंत्रकांत सगळ्या उपकरणांना चालणारी एकच परवलीची माहिती कोरलेली असल्याचं उघड झालं, आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्याबद्दल इशारा दिला.

म्हणून विकत घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: इंटरनेट नसताना घरातल्या वाय-फायवरून दार चालतं का, सुरक्षा-अद्यतनं किती वर्षं मिळणार, आणि अ‍ॅपला मासिक वर्गणी आहे का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीच्या दोनांची काळजी निम्मी होते.

घरात प्रत्येकाला वेगळं खातं द्या, एकच पासवर्ड वाटू नका. दुपदरी पडताळणी चालू करा आणि मॉड्यूल पाहुण्यांच्या वाय-फायवर ठेवा. इतकं करून चोराची खरी वाट मात्र गाडीत राहतेच. काचेजवळ लटकवलेला रिमोट आणि खणातले पत्ता लिहिलेले कागद ज्याच्या हाती लागले, त्याला अ‍ॅप फोडायची गरज नाही. मोटर फारच जुनी, छोट्या स्विचांनी कोड ठरवायची असेल तर १२ स्विचांचे मिळून फक्त ४,०९६ कोड होतात, आणि यंत्राला ते सगळे करून बघायला वेळ लागत नाही. अशा मोटरला अ‍ॅप जोडण्यापेक्षा दर वेळी कोड बदलणारा नवा ओपनर घ्या. गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराला पक्कं कुलूप हवं, हेही याच हिशेबात.

वीज गेली की

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर दारं उघडता न आल्याने लोक अडकले. त्यानंतर त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून नव्या ओपनरना बॅटरी सक्तीची केली. बॅटरी असली तरी राउटर बंद असेल तर अ‍ॅप बंदच. घरातल्या प्रत्येकाला लाल दोरी ओढून दार हाताने उचलता आलं पाहिजे. गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तर बाहेरून किल्लीने दोरी सोडणारं कुलूप बसवून घ्या.

नेहमीचे बिघाड

संध्याकाळी ठरावीक वेळीच दार बंद होत नसेल तर तिरपं ऊन फोटो-सेन्सरच्या ग्राहक बाजूवर पडतंय. पाठवणारा आणि घेणारा यांच्या जागा बदला. सेन्सरचा दिवा लुकलुकत असेल तर तो सरळ रेषेत नाही, बहुतेक वेळा झाडू किंवा सायकल लागलेली असते. नवा एलईडी बल्ब लावल्यापासून रिमोटचा पल्ला घटला असेल तर बल्ब काढून बघा, स्वस्त बल्ब रेडिओ लहरींत गोंधळ घालतात. अ‍ॅप ‘उघडं’ दाखवतंय आणि दार बंद आहे असं झालं तर सेन्सरची बॅटरी किंवा सरकलेला चुंबक. अ‍ॅपमधून आज्ञा गेली, रिले टिकटिकला, पण दार हललं नाही, तर भिंतीवरच्या पाटीवरचं ‘लॉक’ कोणी चुकून दाबलंय का बघा. रिले रिमोटच्या बटणावर जोडलेला असेल तेव्हा हे हमखास होतं.

शेवटची तपासणी घराबाहेर. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या, घरातल्या एकाला दार दिसेल पण त्याच्या वाटेत येणार नाही असं उभं करा, आणि कोपऱ्यावरून अ‍ॅपवर दार बंद करा. आधी इशारा वाजला, मग दार हललं आणि काही सेकंदांत अ‍ॅपवर ‘बंद’ दिसलं, तर काम झालं. आता जुना रिमोट गाडीच्या काचेवरून काढून खणात टाका, आणि तो खणही लावून घ्या.